नावेवरची ओली पोती

आमच्या गावची पाटलीण राहीबाई तशी भली बाई. दारात आलेल्याला रिकाम्या हातानं कधी पाठवलं नाही तिनं. पण तिच्या माहेरच्या आंब्यांना कुणी नावं ठेवली की तिचं डोकं फिरायचं. मी मास्तरांची बायको, वाईहून आलेली, त्यामुळं मला पहिल्याच वर्षी ते आंबे वाखाणून खावे लागले. खरं सांगायचं तर मला ते रेषाळ वाटले होते. पण मी गप्प बसले, आणि फौजदारानंही गप्प बसायला हवं होतं.

त्रेचाळीस सालचा उन्हाळा होता. आमचं गाव कृष्णेच्या अलीकडं, सरकारच्या हद्दीत. पलीकडं संस्थान. चळवळीतली पोरं इकडं काहीबाही उलाढाल करायची आणि नदी ओलांडली की मोकळी व्हायची. म्हणून वरून हुकूम आला होता, की दिवस मावळल्यावर आणि उगवायच्या आधी नाव हलवायची नाही. आमचा नावाडी हरिबा आंबी त्या हुकमाला मान डोलवायचा आणि अंधारातच नाव हलवायचा. साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पाटलांनाही ठाऊक होतं, आणि सगळ्यांत कमी तेच बोलायचे.

एका दुपारी फौजदार पाटलांकडं जेवायला बसला. राहीबाईनं आमरस केला होता. वाटी तोंडाला लावून तो म्हणाला, रस बरा आहे, पण बाजारचे आंबे उन्हानं उकडलेले असतात, पोटाला बाधतात. आत चुलीपाशी बसलेल्या राहीबाईच्या अंगाची लाही झाली. एरवी परक्या पुरुषापुढं शब्द न काढणारी बाई, पण टोपलीच घेऊन दारात आली.

"बाजारचं न्हाईत, सायेब. माझ्या म्हायारचं हायेत. भल्या पहाटं पलीकडनं नावंतनं आल्यात, अजून गार हायेत. हात लावून बघा."

फौजदारानं हात लावून बघितला. खरंच गार आहेत म्हणाला, आणि आणखी एक वाटी मागितली. पाटलांचा घास मात्र हातातच राहिला होता. तो तिनं बघितला आणि मग तिला कळलं आपण काय बोलून बसलो ते. फौजदार गेल्यावर पाटलांनी तिला एवढंच सांगितलं, की झालं ते झालं, आता तोंड शिवून ठेव.

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. त्यांनी माणसं लावून नाव पाण्यातून ओढली आणि पार वर, भर उन्हात, वाळूवर नेऊन ठेवली. वल्ही चावडीत नेऊन टाकली. पाऊस लागेपर्यंत नावेला कुणी हात लावायचा नाही आणि हरिबानं तर वाळूवर उतरायचंसुद्धा नाही, असं दवंडी पिटून सांगितलं. राखणीला चावडीचा जागल्या बसवला.

आता ज्याला नदी माहीत नाही त्याला वाटेल, एवढं काय त्यात, नाव वाळूवर राहिली तर राहिली. वाळूवर राहिली तर ती मरते. लाकूड उन्हात वाळलं की फळ्या आक्रसतात, सांधे उघडतात, आणि मग पाण्यात सोडली की ती चाळणीसारखी भरते. म्हणून दर उन्हाळ्यात हरिबा तिला डोहाच्या कडेला, करंजाच्या सावलीत, अर्धी पाण्यात ठेवायचा. वर पोती पसरायचा आणि ती वाळली की पुन्हा भिजवायचा. तापकऱ्याच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं त्याचं दिवसभर चालायचं. त्याला ना शेत ना बैल. ती एक नाव होती. आणि पावसाळ्यात तिच्याशिवाय आम्हांलाही पलीकडं जायला दुसरी वाट नव्हती.

हरिबा करंजाखाली जाऊन बसला. तिथून नाव दिसायची. दिवसभर तो तिच्याकडं बघत बसायचा.

कुणी सांगितलं, हे शोधायला गावाला फार वेळ लागला नाही. तात्याबा पेन्शनर शिपाई यायच्या आदल्याच दिवशी तालुक्याला पेन्शन आणायला गेला होता. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला शिपाईगडी, पायात अजून गोळीची खूण. पेन्शन सरकारची, तेव्हा जीभही सरकारचीच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. त्याच्या कट्ट्यावर बसणं बंद झालं. न्हावी त्याच्या दारावरून पुढं जाऊ लागला. हरिबाच्या समोर लोक तात्याबाला शिव्या घालत, आणि हरिबा नुसता ऐकून घेई. हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे.

आणि मग एका सकाळी राहीबाई घागर घेऊन नदीवर आली.

आम्ही बायका बघतच राहिलो. पाटलाच्या घरचं पाणी गडी भरायचा. पाटलीण डोक्यावर पदर घेऊन, कमरेवर घागर घेऊन घाटावर येते म्हणजे काय. ती कुणाशी बोलली नाही. घागर भरून सरळ वाळूवर गेली आणि नावेत ओतली. जागल्या उठून उभा राहिला, पण पाटलीणबाईंना अडवणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. दुसऱ्या खेपेला तिनं घरून पोती आणली.

मीच विचारलं तिला, हे काय आरंभलंय म्हणून. कृष्णामाईला नवस बोललेय म्हणाली, उन्हाळाभर नावेला पाणी घालीन म्हणून. कसला नवस, ते सांगितलं नाही. बायकांनी तिच्या पायांना हात लावले. किती गुणाची पाटलीण, नवरा सरकारचा आणि जीव गावात, असं जो तो बोलू लागला. तिनं पाय असे मागं घेतले, जणू विंचूच बघितला. मला वाटलं, लाजली.

तेव्हा मला चुकीचंच कळणार होतं. आंब्याची हकीकत तिनंच सांगितली मला, पण सगळं होऊन गेल्यावर.

रोज सकाळी यायची आणि पुन्हा उन्हं डोक्यावर आली की यायची. घागरीची सवय नाही, पहिल्या आठवड्यातच तळहात सोलवटले. करंजाखालून हरिबा ओरडून सांगायचा. तापल्या फळीवर एकदम पाणी ओतू नका, आधी पोती भिजवा. पुढच्या टोकाला जरा जास्त, तिथला सांधा जुना हाय. तळाशी ओंजळभर राहू द्या. आणि पाटलीण खालमानेनं तो सांगेल तसं करायची. एरवी घरात पाटलांचंसुद्धा पहिल्या हाकेत न ऐकणारी बाई. आम्ही हसायचो, हरिबाला फुकट गडी मिळाला म्हणून.

वैशाखात एक दिवस तिच्याकडं पाहुणे आले आणि तिला सकाळी येता आलं नाही. दुपारी आली तेव्हा पोती पापडासारखी कडक झाली होती. ती नावेपाशी पोचायला आणि आतली एक फळी कट्‌कन वाजायला एक गाठ पडली. राहीबाईनं घागर टाकली आणि फळीला दोन्ही हात लावून रडायला लागली. मी धुणं सोडून धावले. अहो, फळीच ती, तडकलेली नाही, नुसती बोलली, असं हरिबा तिकडून ओरडून सांगतोय, तरी तिचं रडणं थांबेना. माझ्यामुळं, माझ्यामुळं, एवढंच म्हणत होती. मी म्हटलं, एका दिवसाच्या खाड्यानं नवस मोडत नाही गं.

त्याच आठवड्यात रंगूबाई आली. रंगूबाई म्हणजे तात्याबाची बायको. ती घाटावर आली की हल्ली बायका आपापली भांडी उचलून सरकायच्या. मी मास्तरीण, शिकलेली, पण मीही सरकले, उगाच लपवू कशाला. तिनं आमच्याकडं बघितलंही नाही. आपली घागर भरली आणि राहीबाईच्या मागोमाग वाळूवर गेली.

"द्या, वैनी, म्याबी घालते," ती म्हणाली. "तुमचं हात बघा कसं झाल्यात. आमच्या ह्यांनी न्हाई वो सांगितलं. लोकं मानत न्हाईत तर न्हाईत, पर नाव तर जगू दे."

आणि तिनं आपली भरलेली घागर नावेत रिती केली. घाटावर कुणीतरी म्हणालं, बघा कसं आता पाप धुतेय. मोठ्यानंच म्हणालं. ते राहीबाईनं ऐकलं, रंगूबाईनं ऐकलं, आणि करंजाखाली बसलेल्या हरिबानंही ऐकलं. राहीबाईचे ओठ हलले. मला अजून दिसतात ते हललेले ओठ. पण शब्द आला नाही. जागल्यानं रंगूबाईला हटकलं, तुम्हांला परवानगी नाही म्हणाला, आणि ती रिकामी घागर घेऊन पुन्हा पाण्यापर्यंत गेली, पुन्हा भरली, आणि घरी गेली.

त्या दिवसापासून राहीबाईचं अन्न तुटलं. पाटलांना वाटलं ऊन लागलं. त्यांनी वाळा घातलेलं पाणी दिलं, कांदा चिरून डोक्यावर ठेवला. पण घागर सोडली नाही तिनं.

मग वर घाटमाथ्याकडं कुठंतरी पाऊस झाला आणि नदीला तांबडं पाणी आलं. कोसभर खालचा पायउतार, उन्हाळ्यात चालत नदी ओलांडायची जागा, तोही बुडाला. आणि गंमत बघा, फौजदार त्या वेळी नेमका पलीकडं अडकला, कसल्याशा कामासाठी संस्थानात गेलेला. पलीकडच्या काठावरून त्यानं शिट्ट्या मारायला सुरुवात केली. ताबडतोब नाव सोडा, असं त्यानं हातवारे करून ओरडून सांगितलं आणि जागल्यानं ते चावडीवर पोचवून वल्ही आणली. ज्याच्या हुकमानं नाव वाळूवर गेली, त्याच्याच सोयीसाठी ती पाण्यात उतरायची होती.

सारं गाव घाटावर जमलं. नाव ओढून पाण्यात आणली. हरिबानं आत उतरून साचलेलं पाणी उपसलं, तळ पुसून कोरडा केला, मग गुडघे टेकून तळाच्या फळ्यांवरून सावकाश हात फिरवला, सांध्यासांध्यातून. मग त्यानं कोरडा तळहात वर करून दाखवला. नाव एक थेंब घेत नव्हती. बाप्ये ओरडले, पोरांनी पाण्यात उड्या मारल्या.

पहिल्या खेपेआधी नावेची ओटी भरायची आमच्याकडची रीत. ती हरिबाची बायको भरायची, पण ती वारलेली. हरिबा राहीबाईपुढं आला आणि हात जोडून म्हणाला, तुमीच भरा. बायकांनी तिच्या हातात खण नारळ दिला. ती नावेपाशी गेली. खण ठेवला, नारळ ठेवला, आणि तशीच वाकलेली राहिली. पाटील मागं उभे होते. तिनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि सरळ झाली.

"नवस बिवस काय न्हवता," ती म्हणाली. "म्या सांगितलं फौजदाराला. आंबं पहाटं आलं म्हून तोंड वाजवलं. तात्याबांनी काय केलं न्हाई."

पाटील खाली बघत होते. मला वाटलं आता हरिबा वल्हं उचलून तिच्या अंगावर धावतो की काय. तो नावेच्या काठावर बसला.

"ती आंब्याची पाटी कुनी आनली, पाटलीणबाई? म्याच की. त्याच दुपारी फौजदार तुमच्याकडं जेवला. शिपाई आलं तवाच मला समदं कळलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तुमी लाजेनं घराभाईर पडला असता व्हय? नाव वाळून मेली असती. तुमाला रुखरुख हाय तवर तिला पानी हाय, हे मला दिसत हुतं. म्हून लोकं तात्याबाला बोलत हुती आन म्या ऐकत बसलो." त्यानं डोक्यावरचा पटका काढला आणि त्यानं तोंड पुसलं. "तुमची जीभ घसरली, बाई. म्या तर जानूनबुजून केलं."

पलीकडून फौजदाराच्या शिट्ट्या चालूच होत्या. हरिबानं नाव दोराला बांधली, नीट गाठ मारून. चला, म्हणाला. आणि दोघं घाट चढून गावात गेली, पुढं तो, मागं ती. आम्हीही मागोमाग गेलो. थांबायचा धीर नव्हता आणि पुढं व्हायचं तोंड नव्हतं.

तात्याबा कट्ट्यावर बसला होता, दाढी वाढलेली, दुखरा पाय लांब केलेला. हरिबानं त्याच्या पायाशी पटका ठेवला आणि सगळं सांगितलं, काही न राखता. राहीबाईनं आपलं सांगितलं. तात्याबानं ऐकून घेतलं. मग आपल्या पायाकडं बघत म्हणाला, "लय दिसांनी कुनीतरी दारात आलंया. बसा."

दोघं बसली. रंगूबाई दाराच्या चौकटीत उभी होती. ती हरिबाकडं बघत नव्हती, राहीबाईकडं बघत होती. "त्या दिशी म्या घागर वतली," ती म्हणाली, "तवाबी तुमाला ठावं हुतं."

राहीबाईनं होकाराची मान हलवली.

रंगूबाई आत गेली. आमच्याकडं कुणीही दारात आलं, अगदी वैरी आला, तरी आधी पाण्याचा तांब्या येतो. आम्ही वाट बघत उभ्या राहिलो. बराच वेळ गेला. पाणी आलं नाही.

शेवटी राहीबाई उठली. दाराशी कोनाड्यात रंगूबाईची घागर पालथी होती. तीच, पितळेची, काठाला पोचा असलेली. ती तिनं उचलली, कमरेवर घेतली आणि नदीकडं जायला वळली. तेवढ्यात रंगूबाई बाहेर आली. तिनं तिच्या कमरेवरून घागर काढून घेतली, रागानं नाही, अगदी सावकाश.

"ठिवा," ती म्हणाली. "आमचं पानी भरून झालंया."

तिनं घागर पुन्हा कोनाड्यात पालथी घातली आणि आत गेली. राहीबाई सोलवटलेले हात पदरात घेऊन कट्ट्यावर, हरिबाच्या शेजारी, परत बसली. खाली नदीवर शिट्टी वाजत होती, आणि कुणीच उठत नव्हतं.