जितेंद्रचा गुरुवार

जितेंद्रनं प्रशीलच्या हातातली मुसळी हसतहसत काढून घेतली.

"तू वांगी भाज. ठेचायचं माझ्याकडे."

चुलीपुढे बसलेली घरधनीण दोघांकडे पाहत राहिली. व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या डोंगरात तिचं घर होतं. सकाळपासून दोघे मित्र भाड्याच्या मोटरसायकलींवर घाट चढत-उतरत होते आणि दुपारी हिच्या अंगणात जेवायला थांबले होते. तिनं निखाऱ्यावर टाकलेली लांब जांभळी वांगी पाहून जितेंद्रला आपलं गाव, सावदा, आठवलं. यांना आपलं भरीत खाऊ घालू, म्हणाला. बामणोदच्या वांग्याची सर येणार नाही, पण चालवून घेऊ. खाणाखुणा करून त्यानं तिच्याकडून मिरच्या, लसूण, कांद्याची पात मिळवली. इथवर सगळं छान चाललं होतं.

प्रशील आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिला. सावद्याला जितेंद्रच्या केळीच्या मळ्यात दर हिवाळ्यात भरीत पार्टी होते. प्रशील दीपनगरच्या वीज केंद्रातली पाळी बदलून जातो. वांगी तोडायची, कापसाच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, धुरात डोळे चोळत बसायचं, ही कामं त्याची. वांग्यावर साल आहे तोवर त्याचा हात चालतो. साल निघालं, की कुणीतरी असंच हसतहसत त्याच्या हातातून मुसळी घेतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण पाहुणे, आपल्याला त्रास नको म्हणून घेतात. पण पाहुण्याला कुणी धुरात बसवतं का? हा साधा प्रश्न पडायला त्याला एवढ्या लांब यावं लागलं होतं.

"आज मी ठेचतो," तो म्हणाला आणि मुसळी परत ओढली.

"ठेच की," म्हणत जितेंद्रनं ती सोडली आणि खिशातून फोन काढला. आपण काय केलं हे त्याच्या गावीही नव्हतं, आणि प्रशीलला तेच जास्त झोंबलं.

तो ठेचू लागला. सकाळी याच माणसानं रस्त्याकडेच्या टपरीवर कसलं मांस आहे ते न विचारता दोन वाडगे सूप ओरपलं होतं. कुणाच्या हातचं, कुठल्या भांड्यातलं, चकार शब्द नाही. आणि दीपनगरला? प्रशीलची बायको संघमित्रा याला जेवायला बोलावून थकली. हा येतो, नाही असं नाही, पण नेमका गुरुवारी. "वहिनी, आज गुरुवार ना, उपास." मग पिशवीतून मळ्यातली केळी काढतो, दोन सोलून खातो, उरलेला फणा पोरांना देतो. एकदा तिनं मुद्दाम साबुदाण्याची खिचडी केली, तर म्हणाला, माझा उपास फक्त फळांवरचा. दोस्त नेमाचा पक्का आहे, असं प्रशील चारचौघांत कौतुकानं सांगायचा. स्वतःच्या त्या कौतुकाची त्याला आता किळस आली. मुसळी खलावर इतकी जोरात आदळली, की घरधनीण हसून सबुरीनं घे अशी खूण करू लागली.

भरीत तेलात परतून ताटात आलं, तेव्हा जितेंद्र सावद्याला व्हिडिओ कॉल लावून बसला होता. त्याची आई शेवंताबाई पडद्यावर हरखून गेली होती. परमुलखात भरीत, शेंगदाणे घातले का, तेल पुरलं का. त्यानं ताट फोनसमोर धरलं, घास उचलला.

"ठेचलं कोनं रे?"

घास हातातच थांबला. जितेंद्रनं प्रशीलकडे पाहिलं नाही.

"इथल्या बाईनं."

"बरं. मंग खाय पोटभर."

प्रशीलच्या कानशिलात कोणीतरी मारावी तसं झालं. इथल्या या बाईचं नाव माहीत नाही, भाषा कळत नाही, हिच्या चुलीवर काल काय शिजलं तेही ठाऊक नाही. तरी ही चालते. आणि दर हिवाळ्यात मळ्यातल्या धुरात बसणारा प्रशील चालत नाही. तो उठला आणि जितेंद्रच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावला.

"शेवंताकाकू, भरीत मी ठेचलंय."

पडद्यावर शेवंताबाईनं पदर सावरला.

"असं का," ती म्हणाली. "बरं, बरं. जितू, तुहं पोट पह्यलेच नाजूक. बेतानं खाजो."

जितेंद्रनं फोन बंद केला. "रेंज गेली," म्हणाला, आणि घास तोंडात टाकला. दुसरा टाकला. एक नंबर झालंय, असंही म्हणाला. आई जुन्या वळणाची आहे, मनावर घेऊ नको.

"काकूंचं सोड. तू का खोटं बोललास?"

"उगाच कटकट नको म्हणून."

"कोणाला?"

जितेंद्र मान खाली घालून खात राहिला, भराभर, जसा काही तेवढ्यानं हिशेब मिटणार होता. घरधनिणीला वाटलं, पोराला फार आवडलंय. तिनं ताटात आणखी वाढलं.

तेवढ्यात प्रशीलचा फोन वाजला. संघमित्राचा व्हिडिओ कॉल. रेंज पुरेपूर होती. पोहोचलात का, जेवलात का, काय जेवलात, तिनं एका दमात विचारलं. प्रशीलनं फोन वळवला आणि जितेंद्रच्या समोर धरला.

जितेंद्रचे दोन्ही गाल भरलेले होते. बोटांवरून तेल ओघळत होतं.

संघमित्रा आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू ओसरलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "आज गुरुवार ना?"

प्रशीलनं फोन धरलेला हात जराही हलू दिला नाही.