बारा वाक्यांची नक्कल

मित्रांनो, मी एक जुनी नक्कल आहे. पाच अरुंद पानांची, काळ्या दोऱ्याने शिवलेली. लंडनच्या एका नाटकगृहात माझा जन्म झाला. तिथे अख्खे नाटक नटाच्या हाती देत नसत. इतकी पाने उतरून काढणार कोण? आणि दुसऱ्या मंडळीने ती पळवली तर? म्हणून ज्याची जी भूमिका, तेवढीच वाक्ये त्याला लिहून मिळत. माझ्यात टिब नावाच्या मोलकरणीची बारा वाक्ये आहेत. बाकीच्यांचे बोलणे माझ्याकडे आहे ते शेपटीपुरते. आधी एक लांब रेघ, मग समोरच्याचे शेवटचे तीनचार शब्द. ते ऐकले की टिबने बोलायचे.

मला दुसरी रीत ठाऊक नाही. म्हणून माझी हकिकतही मी तशीच सांगते.

———— शाई वाळू दे आधी.

माझ्या कानावर पडलेले हे पहिले बोलणे. बोलणारे मिस्टर पेन्फोल्ड, नाटकगृहाचे प्रॉम्प्टर. हंसाच्या पिसाने त्यांनी मला लिहिले. शेजारी नाटककार अँब्रोज थर्लबी उभे होते. तेव्हा ते तिशीचे होते. कोट कोपरावर फाटलेला, आणि स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायची खोड.

नाटकाचे नाव 'टोपाचा दरबार'. एका शहराचा नगरपाल कामाला कंटाळून पळून जातो. त्याची बायको त्याचा केसांचा टोप खुंटावर चढवते आणि पातळ पडद्याआड ठेवून देते. लोक येतात, टोपाला वाकतात, अर्ज ठेवून जातात. टोप लाच खात नाही. कोणाला तुरुंगात धाडत नाही. शहर सुधारते, आणि वर्षअखेर टोपच पुन्हा निवडून येतो. हे गुपित त्या बायकोखेरीज एकट्या टिबला ठाऊक, कारण टोप विंचरायचे काम तिचे.

मला हातात घेऊन हेस्टर पिगॉटने पाने उलटली. एकोणीस वर्षांची पोर ती.

"बारा वाक्यं? पेन्फोल्डसाहेब, एवढ्यात माझी शिंकसुद्धा मावायची नाही."

"शेवटचं वाक्य तुझं आहे," थर्लबी म्हणाले. "पडदा तुझ्या बोलण्यावर पडतो. तेव्हा नक्कल सांभाळ. ती जिच्याजवळ, टिब तिची."

हा तिथला रिवाज होता. एकदा मिळालेली भूमिका त्या नटीचीच. नक्कल परत मागितली, की समजायचे भूमिका दुसरीला गेली. पुष्कळ नटींनी त्या दिवशी रडून घेतल्याचे मी ऐकले आहे.

———— अहो, पोट दुखलं हसून.

प्रेक्षक रोज असे म्हणत घरी जात. असे नऊ प्रयोग झाले. नवव्या प्रयोगाला राजाचा एक मंत्री वरच्या कक्षात बसला होता. रंगमंचावरच्या टोपाचे कुरळे केस त्याला थेट आपल्याच टोपाचे वाटले. दहाव्या दिवशी नाटकगृहाला कुलूप लागले. पाठोपाठ असा कायदा आला, की यापुढे प्रत्येक नाटक आधी सरकारी कचेरीने वाचायचे आणि मगच ते लोकांनी पाहायचे.

कचेरीची माणसे वर येत होती, तेव्हा थर्लबींनी अख्ख्या नाटकाची एकुलती वही स्वतःच्या हाताने शेकोटीत टाकली. तिच्यात सगळ्या नटांची नावे होती. त्या दिवशी ते हसले नाहीत.

हेस्टरने मला पोलक्यात खुपसले आणि मागच्या जिन्याने ती निघून गेली.

———— ताजी कालवं, गोड कालवं!

मित्रांनो, हा आवाज मी बावीस वर्षे ऐकला. नाटकगृहाच्याच गल्लीच्या तोंडाशी हेस्टर शिंपल्यातली कालवे विकू लागली. मी तिच्या झग्याच्या खिशात, मेणकापडात गुंडाळलेली. माझ्या कडा पिवळ्या पडल्या. समुद्राचा वास अंगात मुरला. पण सकाळी पहिले कालव फोडण्याआधी ती मला खिशावरून चापपायची आणि बाराही वाक्ये म्हणायची. ऐकायला फक्त कालवे. ती तोंड मिटूनच असत.

थर्लबी नाटकाचे नाव काढीनासे झाले आणि कादंबऱ्या लिहू लागले. जाडजूड, चार चार भागांच्या. लबाड वकील, ढोंगी पाद्री, भोळे प्रवासी यांनी भरलेल्या. समोरच्या पुस्तकबांधणीवाल्याच्या दुकानात कोणी ना कोणी मोठ्याने वाचत असे, आणि हेस्टर हातातली सुरी थांबवून ऐके. प्रत्येक कादंबरीत कुठेतरी एक मोलकरीण यायची. ती थोडेच बोलायची, आणि खरे बोलायची.

"ही माझीच टिब," हेस्टर कालवांना सांगायची. "नाव बदललं म्हणून काय झालं?"

मी मात्र थोडी खट्टू व्हायचे. मला वाटे, माझी इतर भावंडे, नगरपालाची नक्कल, त्याच्या बायकोची नक्कल, केव्हाच कोणाच्या तरी चुलीत गेली असतील. उरले मी एकटी, बारा उत्तरे घेऊन. प्रश्न विचारणारे कोणी नाही.

———— हेस्टर पिगॉट म्हणजे तुम्हीच ना?

ही थर्लबींची मुलगी, लेटिस. बारीक अंगाची, बोटांना शाई लागलेली.

"मावशी, 'टोपाचा दरबार'मधली टिबची नक्कल तुमच्याकडे असेल तर मला हवी आहे."

हेस्टरचा हात खिशावर गेला. "कोणासाठी?"

"म्हणजे?"

"पोरी, मी म्हातारी नाही झाले अजून, एक्केचाळीसच तर झालीत. दात सगळे जागेवर आहेत. कोण आहे ती नवी? गोरी असेल. दोन वाक्यांनंतर धापा टाकेल. जा, सांग तुझ्या मालकाला, टिब मेलेली नाही."

"कोणी नवी नाही हो."

"नक्कल मागायला येतात आणि म्हणे कोणी नवी नाही! कालवं घ्यायची असतील तर घे, नाहीतर वाट धर."

मला ओरडून सांगावेसे वाटले, तिचे ऐकून तरी घे. पण माझी पाळी नव्हती, आणि नकलेला पाळीशिवाय बोलता येत नाही.

लेटिस दोन पावले गेली आणि वळली. "मी थर्लबींची मुलगी. बाबा आजारी आहेत. फार दिवस नाहीत. ते नाटक त्यांना एकदा ऐकायचंय. बाकीच्या सगळ्या नकला मी वर्षभर हिंडून गोळा केल्या. टिबची अकरा वाक्यं कुठं संपतात तेही मला ठाऊक आहे, कारण त्यांच्या शेपट्या इतरांच्या नकलांत आहेत. बाराव्याची शेपटीसुद्धा नाही. त्याच्यानंतर कोणी बोलतच नाही."

"त्यांनीच लिहिलंय की."

"आठवत नाही त्यांना. आजारात पुष्कळ गेलं. दोन नटांनी दोन निरनिराळी वाक्यं सांगितली. बाबांनी दोन्ही ऐकली आणि मान हलवली."

माझी भावंडे जिवंत होती, मित्रांनो. आणि प्रत्येकाने माझ्या बोलण्याची शेपटी जपून ठेवली होती.

हेस्टरने सुरी खाली ठेवली. "नक्कल नाही द्यायची मी," ती म्हणाली. "टिब येईल. हात धुते, थांब."

———— आता दरबार संपला.

हेस्टरने हात तीनदा धुतले, तरी वास राहिलाच. थर्लबी उशांना टेकून बसले होते. डोक्यावर लोकरीची टोपी, टोप खुंटीला. लेटिसने सगळ्यांची वाक्ये वाचली, आणि हेस्टरने अकरा उत्तरे दिली. मला तिने उघडलेसुद्धा नाही. नुसते छातीशी धरले होते.

मग नगरपालाच्या बायकोचे ते शेवटचे बोलणे आले, "आता दरबार संपला." या ठिकाणी टिबने टोपाकडे जायचे असते.

हेस्टर खुंटीकडे गेली नाही. ती पलंगाशी गेली, थर्लबींच्या डोक्यावरची टोपी तिने नीट केली, आणि टोपाला ऐकवायचे ते बारावे वाक्य म्हणाली, "गप्प बसा, साहेब; तुम्हाला उवा झाल्यात, हे मी कोणाला सांगणार नाही."

सगळ्या जन्मात ते आपल्या विनोदाला आधी हसत आले. या वेळी त्यांना विनोद ठाऊक नव्हता. त्यांनी तो ऐकला, आणि मग ते हसले. खोकला येईपर्यंत, डोळे पुसेपर्यंत हसले.

"चांगलंय," ते म्हणाले. "कोणी लिहिलंय?"

"तुम्हीच की," हेस्टर म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ते गेले. लेटिसने हेस्टरच्या तोंडून माझी वाक्ये उतरून घेतली आणि नाटक पुन्हा एका वहीत आणले. मी हेस्टरजवळच राहिले, शेवटपर्यंत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी असेल, ज्याच्या वाट्याला थोडीच वाक्ये आली आहेत. त्याला थोडे म्हणून टाकून देऊ नका. त्याचे बोलणे ऐकून ठेवा, निदान शेवटचे तीनचार शब्द तरी. आणि कोणी आपली जुनी वही मागायला आले, तर हाकलण्याआधी एकदा विचारा, कोणासाठी हवी आहे. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.