नाक्यावर बेंजो बंद

नामाचं स्मारक नाक्यावरच होणार, हे ठमाबाईने ग्रामसभेत घसा फाटेस्तोवर भांडून मिळवलं होतं. सरपंचांचं म्हणणं, शाळेमागे करू, तिथे शांत आहे.

"शांत?" ठमाबाई फिस्सकन हसली. "आमचे हे जेवतानापन ताटावर ताल धरायचे! त्यांना शाळेच्या मागं टाकताव? गावातली झाडून सगळी लग्नं नाक्यावरनं वाजत जातात. तिथंच बांधा. बसल्या जागी त्यांना बेंजो ऐकू येल."

हे काही तिने उगाच धरून ठेवलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी खाडीपलीकडची हळद वाजवून येताना वादळात होडी उलटली आणि गावची बेंजो पार्टी, पाचच्या पाच जण, एका संध्याकाळी संपली. बेंजोवर ठमाबाईचा नवरा नामा. कॅसिओवर अल्पेश, शेजारच्या नूतनचा एकुलता एक, अवघा एकोणीस वर्षांचा.

शेवटी अलिबागहून निवेदिता आली. आर्किटेक्ट पोरगी, गुणाची. तिने कागदावर पाच काळे उभे दगड काढून दाखवले, काल नाक्यावर चुन्याच्या फक्कीने जागा आखली, पाच विटा ठेवल्या, आणि घराघरातून लोकांनी त्या विटांवर फोटो आणून मांडले. ठमाबाईने फोटोतल्या नामाला हार घातला आणि म्हणाली, "आता आयका लेकीची हळद!"

कारण आज प्राप्तीची हळद होती. सकाळी देवाला नारळ द्यायला सगळी वाजतगाजत निघाली. थळ गावची बेंजो पार्टी, पुढे बायका, सर्वांच्या पुढे डोक्यावर ताट घेऊन ठमाबाई. वय पंचावन्न, गुडघा दुखरा, पण कंबर कुणाचं ऐकेल तर शपथ! निवेदितालाही आमंत्रण होतं. तिला दोन म्हाताऱ्यांनी हाताला धरून असं काही ओढलं होतं की बिचारीची एक चप्पल मागेच राहिली. नूतनसुद्धा आली होती. सहा वर्षांत कुणाच्या हळदीला फिरकली नव्हती, पण प्राप्ती तिच्या अंगणात वाढलेली.

नाका आला आणि बेंजो फटकन बंद.

"काय रं, मेलाव काय?" ठमाबाई ओरडली.

बेंजोवाल्याने मान खाली घालून फोटोंकडे बोट दाखवलं. "काकी, गेलेल्या मानसांच्या म्होरं वाजवत न्हाय. रीत हाय. वीस पावलं मुकाट जायचं, मंग वाजवायचं."

रीत कुणाला ठाऊक नव्हती? दुखवट्याच्या घरापुढे बेंजो बंद, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण भांडणाच्या भरात साऱ्या गावाला त्या रीतीचा विसर पडला होता. ठमाबाईने कपाळावर हात मारला. आता दगड उभे राहिले की सगळं गाव वाजत येणार आणि नेमकं नामासमोर तोंड मिटणार. जन्मभर! आणि ही अक्कल कुणाची? हिचीच. तिला हसू येईना, रडू येईना.

"वाजवा," ती म्हणाली. "मी सांगतंय ना, वाजवा!"

"ठमा," मागून नूतनचा आवाज आला. "माज्या पोराच्या म्होरं नाचायचं?"

ठमाबाई वळली. कुणाशीही भांडायला ती तयार होती, नूतनशी नव्हती.

"तू न्हाय म्हन, मी मुकाट म्होरं जातंय. पन नूतन, त्यांनी सगल्यांच्या लग्नात वाजवलं, नि आपन त्यांच्या म्होरं गप उभं ऱ्हायचं? मना न्हाय जमत गो."

नूतन फोटोकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एकच गानं."

बस्स! ढोलकी कडाडली, बेंजो उसळला. ठमाबाईने ताट प्राप्तीच्या हातात कोंबलं आणि फुगडीला निवेदिताच धरली. फक्की पायांखाली उडून सगळ्यांच्या पोटऱ्या पांढऱ्या झाल्या.

"काकी, माझं स्मारक पुसलं!" निवेदिता धापा टाकत हसली.

"पुसू दे! दगड नको, ओटा बांध. चांगला रुंद. हितं थांबून वाजवल्याबिगर कुनी म्होरं जायाचं न्हाय!"

"आणि नावं?"

"पाठीला भिंत घाल, तिच्यावर कोर. नावाला पाय लागता कामा न्हाय."

तेवढ्यात नूतनने हात वर केला. "थांबा!"

सूर तुटला. संपलं, ठमाबाईला वाटलं, आता हा ओटाही गेला.

नूतन गर्दीतून वाट काढत मिशाळ कॅसिओवाल्यापाशी गेली. "हे आता वाजवलंस ना, हितं माजा अल्पेश चुकायचा. दर खेपेला. नामा भावजी शिव्या घालायचे. तसंच वाजव."

"चुकवून?" कॅसिओवाला बावचळला.

"व्हय. चुकवून."

त्याने पुन्हा सुरुवात केली, त्या जागी आला आणि सूर मुद्दाम चुकवला. नूतनने पदर खोचला.