भुकटीचं पोलाद

कारखान्यात घरच्यांना बोलावण्याचा दिवस होता आणि नेमका तेव्हाच लेकीच्या जिवाला घोर लागला होता. तिच्या भट्टीतले गिअर आठवडाभर दगा देत होते. शंभरातले पाच-सहा तरी चाचणीच्या मशीनवर ठरल्या भाराआधीच काडकन तुटायचे. पोलादाच्या भुकटीत निकेल, मॉलिब्डेनम अगदी मापात, भट्टीचं तापमान चोख. मग घोडं अडतंय कुठे?

अशात बाबा आले. चाळीस वर्षं ऐरणीवर घण घातलेला माणूस. भुकटीतून पोलाद होतं यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"पीठ दाबून कुठे लोखंड होतं का गं?" म्हणत त्यांनी भुकटी दाबणाऱ्या प्रेसजवळच्या ट्रेमधला, नुकताच दाबलेला गिअर उचलला. चिमटीत जरा आवळला, तर बिस्किटासारखा मोडला! बाबा ओशाळले.

"अहो, तो कच्चा आहे!" लेक आठवड्यात पहिल्यांदाच खळखळून हसली. "भट्टीत हे वितळत नाही. नुसतं तापून कण न् कण शेजारच्याला घट्ट धरतो. या, दाखवते."

भट्टीच्या दुसऱ्या तोंडाशी निवलेले गिअर बाहेर येत होते. बाबांनी एक दोरीला टांगला आणि पान्याने हलकेच टोला दिला. टण्ण! आवाज लांबत गेला.

"अरेच्चा, अस्सल आहे की!"

मग त्यांना चेवच चढला. दुसरा, तिसरा, चौथा वाजवला. नववा मात्र ठक् करून गप्प बसला.

"हा फुटका."

"दिसत तर काही नाही, बाबा."

"डोळ्यांना नाही दिसायचं. लाव मशीनवर."

लावला. निम्म्या भारातच गेला.

लेकीचे डोळे चमकले. "म्हणजे तुमच्या चिमटीत गेला तसा तडा कच्चेपणीच जातोय! तो भट्टीत भरून निघत नाही."

दोघं तडक प्रेसकडे गेली. प्रेसवाल्याला सगळे 'वादळ' म्हणत, ते उगाच नाही. तो कच्चे गिअर घसरगुंडीवरून भराभर सोडत होता आणि त्यातले काही खाली लोखंडी कडेवर आपटत होते.

"वादळा, जरा दमानं!"

"ताई, दमानं घेतलं तर माल कधी निघायचा?"

"निघतोय, पण भंगारात!"

वादळाने जीभ चावली. धावत जाऊन पॅकिंगमधून रबराची पट्टी आणली आणि स्वतःच कडेला चिकटवली.

तीन तासांनी नवा ट्रे भट्टीतून आला. बाबांनी शंभरच्या शंभर गिअर वाजवले. सगळे खणखणीत! त्यातला एक मशीनवर चढवला. काटा खुणेवर पोचला, खूण ओलांडून पुढे गेला, तरी गिअर हटेना. लेकीने वादळाला टाळी दिली आणि सगळ्यांदेखत बाबांच्या गळ्यात पडली.

"अगं, लोक बघतायत," बाबा म्हणाले, पण सोडलं काही नाही.

संध्याकाळी पाहुण्यांची बस निघाली, तर बाबा वादळाला पान्याचा टोला कसा द्यायचा ते शिकवत बसलेले. ड्रायव्हरने तीनदा हॉर्न दिला, तेव्हा कुठे ते जागचे हलले.