मिस्त्रींचा पाव फेरा

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. बाळंतपणाला ती आमच्याकडे आली. दोन पाळणे मावतील अशी घरात एकच खोली होती, ती मुंगीची. मुंगी म्हणजे माझ्या लेकाची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी म्हणायला लागलो. आता कॉलेजात जाते, माळ्यावरचा डबा हात वर करून काढते, तरी मुंगीच. आत्यासाठी तिनं खोली सोडली आणि आपलं टेबल उचलून बाहेरच्या खोलीत आणलं, आमच्या मिस्त्रींच्या खुर्चीच्या अगदी समोर. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. लोकांच्या घरात नळ, टाक्या आणि मोऱ्या जोडण्यात त्यांचा जन्म गेला. काम सोडून बरीच वर्षं झाली होती, पण अवजारांची पेटी खुर्चीखालीच असायची.

मुंगीला गेम खेळायला नवा कॉम्प्युटर हवा होता. दुकानातला तयार नको, स्वतः जोडलेला. जोरकस गेम चालवले की आतल्या चिपा तापतात, नुसत्या पंख्यानं भागत नाही, म्हणून त्यांच्यावरून पाणी फिरवायचं. एक छोटी पारदर्शक टाकी, एक पंप, गाडीला असतो तसा रेडिएटर, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या कडक पारदर्शक नळ्या. पाणी चिपेवरून तापून निघतं, रेडिएटरमध्ये निवतं आणि परत टाकीत येतं. हे तिनं पहिल्यांदा सांगितलं ते आजोबांनाच.

"आबा, नळ्यांचं काम आहे. कराल मदत?"

मिस्त्री जे हसत सुटले! "पाणी आणि वीज एका डब्यात? अगं, मोरीतला दिवा बदलायचा तर मी आधी पाय पुसतो."

"दोघं भेटतच नाहीत, आबा. मध्ये नळी असते ना."

"नळी! मला नळीची हमी देतेस? गळत नाही असा जोड अजून कोणी केलेला नाही. म्हणून तर तुझा बाप दोन वेळा जेवला."

 दोन दिवसांनी मुंगीनं व्याह्यांना आणलं.

आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, मुंगीचे अप्पा. दोन गल्ल्या सोडून एकटेच राहायचे. दुकानांच्या पाट्यांसाठी काचेच्या नळ्या जाळावर वाकवून ते दिव्यांची अक्षरं करायचे. मला वाचायला उशिरा आलं. त्याआधी कितीतरी वर्षं मी त्यांच्या पाट्यांखालून जात होते आणि मला नुसती लाल-हिरवी वेटोळी दिसत होती. पुढे नवे दिवे आले आणि त्यांचं काम बसलं. तेव्हापासून व्याह्यांचे हात रिकामे होते. मुंगीनं गरम हवा सोडणारं पिस्तूल त्यांच्या हातात दिलं, आणि माणूस एकदम दहा वर्षांनी लहान झाला.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं, हे मला कबूल करावं लागेल. नळीच्या पोटात रबराची जाड दोरी घालायची, म्हणजे वाकवताना ती चेपत नाही. मग गरम हवेवर ती दोन्ही हातांनी गोल गोल फिरवत राहायची, मऊ झाली की एका दमात वाकवायची आणि निवेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पहिल्याच नळीला व्याह्यांनी जुन्या सवयीनं टोक तोंडात धरून फुंकर मारली. काचेचं काम करताना तसं करायचे, पोकळी मिटू नये म्हणून. फुंकरीनं रबराची दोरी सुटली ती सरळ मिस्त्रींच्या मांडीवर.

"अप्पा, ही काच नाही, प्लास्टिक आहे!" मुंगी हसून हसून खाली बसली. सूनही हसली. मी पण हसले.

मिस्त्रींनी दोरी दोन बोटांत उचलून टेबलावर ठेवली. "उद्या पाणीही फुंकून भरा म्हणावं," ते म्हणाले.

मग रोजचंच झालं. दुपार कलली की व्याही यायचे, आणि मुंगी आणि ते टेबलावर डोकी जोडून बसायचे. मिस्त्रींची खुर्ची समोरच, त्यामुळे न बघून करतात काय? चहा झाला की माझ्या मागे स्वयंपाकघरात येऊन विचारायचे, "त्यांना दुसऱ्यांदा दिलास?"

"मागितला म्हणून दिला."

"मला विचारलं नाहीस ते."

"तुम्ही नको म्हणालात."

"एकदा म्हणालो. त्यांना किती वेळा विचारतेस ते बघतोय मी."

एक दिवस स्वयंपाकघरातला नळ उघडून बसले. तो गळत नव्हता. मी म्हटलं, "अहो, कशाला खोलताय?" तर म्हणाले, "या घरात नळाचं काम मला येतं, एवढं कोणाच्या तरी लक्षात राहावं म्हणून." त्या दिवशी शेजारणीकडून पाणी आणून मी भांडी घासली.

रात्री अंथरुणावर पडले की सुरू व्हायचे. "काच वाकवणाऱ्याला पाण्यातलं काय कळतं? त्यांच्या नळ्यांतून जन्मात एक थेंब गेलाय का? हवा भरून पाटी टांगायची, झालं काम. पाणी दाबतं, ढकलतं, वाट शोधतं. पोरीला कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा."

"मला विचारलं कुठे तिनं?"

"पहिल्यांदा तुम्हालाच विचारलं."

मग कूस बदलायचे.

नळ्या बसवायच्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. मुंगी प्रत्येक नळीच्या टोकाला चकचकीत धातूचा जोड लावून तो बोटांनी फिरवत होती. मिस्त्री खुर्ची ओढत जवळ आले.

"धागा नाही गुंडाळलास?"

"नाही आबा."

"सफेदा तरी फासलास?"

"लागत नाही. आत रबराची रिंग आहे, ती दाबली गेली की बास. हातानंच आवळायचं, पाना लावायचा नाही."

"मग पाणी काय आपल्या शब्दावर थांबतं?"

व्याही हळूच म्हणाले, "मिस्त्री, तसंच लिहिलंय हो कंपनीनं."

"कंपनी येणार आहे का फरशी पुसायला?" मिस्त्री म्हणाले आणि खुर्ची परत मागे नेली.

चाचणीसाठी मुंगीनं निळं पाणी भरलं. बाकी सगळी वीज बंद, फक्त पंप चालू, आणि प्रत्येक जोडाखाली पांढरा कागदी रुमाल. एक थेंब पडला तरी निळा डाग दिसणार. रात्रभर पंप तसाच ठेवला. सकाळी मिस्त्री सगळ्यांच्या आधी उठले आणि चष्मा लावून रुमाल बघत होते. मी दारातून बघितलं. डाग सापडावा म्हणून इतक्या आशेनं शोधणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. रुमाल कोरडे ठणठणीत.

व्याही आले, त्यांनीही वाकून पाहिलं. मुंगीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. "अप्पा, तुमच्यासारखा कारागीर सगळ्या खानदानात नाही!"

पोरीच्या तोंडून सहज निघालं. समोर खुर्चीत कोण बसलंय ते तिच्या ध्यानातही नव्हतं. मिस्त्री न्याहारीला आले नाहीत. पोटात दुखतंय म्हणाले. दुखत होतंच.

संध्याकाळपर्यंत पंप चालू ठेवायचा, मग खरा कॉम्प्युटर सुरू करायचा, असं ठरवून मुंगी कॉलेजला गेली. व्याही घरी आडवे व्हायला गेले. सून कामावर, लेक जुळ्यांजवळ झोपलेली. मी दुपटी घड्या करत होते. बाहेर टक्कन आवाज झाला.

जाऊन बघते तर मिस्त्री टेबलाशी उभे, हातात पेटीतला दातेरी पाइप पाना. टाकीच्या तोंडापासून खाली एक केसाएवढी रेघ गेली होती आणि तिच्यातून निळं पाणी उतरून खालच्या चिपांच्या पट्टीवर पडत होतं.

"अहो, काय केलंत हे?"

"काही नाही. पाव फेरा दिला."

"कशाला पण?"

"सैल होता," ते म्हणाले. मग पाना खाली ठेवून म्हणाले, "एका तरी जोडाला माझा हात लागावा म्हटलं."

मी पंपाचं बटण बंद केलं. जुळ्यांची धुतलेली दुपटी आणून आम्ही दोघांनी पाणी टिपलं.  लोखंडाचे जोड आवळून आवळून मिस्त्रींच्या हातांना सवय झाली होती, हातानं घट्ट झालं की पुढे पाव फेरा पान्यानं. लोखंड ते सोसतं. प्लास्टिकच्या टाकीनं सोसलं नाही.

"सांगा तिला आल्यावर," मी म्हटलं.

"सांगतो."

मुंगी आली, मागोमाग व्याही. तिनं टाकी बघितली आणि दप्तर खांद्यावर तसंच ठेवून उभी राहिली. मिस्त्री खुर्चीचा हात धरून उठायला लागले, तोवर व्याही पुढे झाले. बारीक कामाचा माणूस, त्यांनी डोळा जोडाला लावला. त्या चकचकीत धातूवर पान्याच्या दातांचे ओरखडे होते. आमच्या घरात तसा पाना कोणाचा, हे त्यांना काय सांगायला हवं? त्यांनी ओरखड्यांवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "मुंगे, काल माझ्याच हातून जास्त आवळलं गेलं बघ. म्हातारा झालो. अंदाज चुकला."

मुंगीनं डोळे पुसले. "असू दे अप्पा. होतं असं. नवी टाकी आणू." आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

प्रकरण तिथं मिटलं असतं. मिस्त्री सुटले होते. मी त्यांच्याकडे बघितलं तर चेहरा लालबुंद, मानेची शीर तट्ट फुगलेली.

"व्याही, अंगठा काढा."

"असू द्या हो."

"अंगठा काढा म्हणतोय ना! ते दात माझ्या पान्याचे आहेत. मी फोडली टाकी, मी! एवढे दिवस पोर घेतलीत, टेबल घेतलंत, दोन-दोनदा चहा घेतलात. आता माझी चूकसुद्धा तुम्हालाच पाहिजे होय?"

 आत एक बाळ रडायला लागलं आणि त्याला बघून दुसरं.

"आबा," मुंगी शेवटी म्हणाली, "प्लास्टिकला पाइप पाना?"

"हो."

"मी सांगितलं होतं. पाना लावायचा नाही म्हणून."

"ऐकलं होतं."

ती आत्याच्या खोलीत निघून गेली. नंतरचे कितीतरी दिवस ती मिस्त्रींशी कामापुरतं बोलली. भिजलेली पट्टी तिनं पंख्यासमोर वाळत ठेवली होती. जाता-येता मिस्त्री पंखा नीट फिरतोय ना ते बघायचे. वीज लावून बघितल्यावर पट्टी चालली, तेव्हा मुंगीनं ते मला सांगितलं. मी त्यांना सांगितलं.

नवी टाकी आली ती जरा उंच निघाली, त्यामुळे तिच्याकडे जाणारी एक नळी नव्यानं वाकवणं आलं. व्याह्यांनी बाह्या वर केल्या.

"अप्पा, तुम्ही नाही," मुंगी म्हणाली. "आबा वाकवतील. फोडली त्यांनी."

"मला येत नाही ते," मिस्त्री म्हणाले. नळीच्या बाबतीत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"मग शिका."

पहिली नळी करपली, तिच्या अंगावर साबणाच्या फेसासारखे बुडबुडे आले. दुसरी चेपली, दोरी घालायलाच विसरले. व्याह्यांची जीभ नुसती वळवळत होती. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते बिचारे. एकदाच म्हणाले, "फिरवत राहा, मिस्त्री." मिस्त्री म्हणाले, "मला दिसतंय," आणि फिरवायला लागले. कितीतरी तुकडे वाया गेल्यावर एक नळी दोन्ही टोकांना बसेल अशी निघाली. मधे मात्र तिला एक पोक होता.

मुंगीनं ती तशीच लावली. पुढच्या काचेतून पहिली दिसेल अशी.

"वाकडी आहे ती," मिस्त्री म्हणाले.

"आहे."

"शेजारी त्यांची सरळ आहे. मुद्दाम लावलीस ना?"

"हो," मुंगी म्हणाली आणि बटण दाबलं. पाणी फिरलं, आत निळा उजेड पडला. जोड सगळे हातानंच आवळलेले होते.

मग तिचे मित्र-मैत्रिणी बघायला यायला लागले. आले की हमखास पहिला प्रश्न, "ही वाकडी कोणी केली गं?" की मुंगी सुरू. पाइप पान्याची गोष्ट ती हातवारे करून सांगायची, आबांचा आवाज काढायची, "पाव फेरा दिला फक्त!" पोरं लोळायची. मिस्त्री खुर्चीत डोळे मिटून पडायचे, पण पोरं दारात दिसली की आधी खुर्ची टेबलाकडे वळवून घ्यायचे, हे मी पाहिलेलं आहे.

एक दिवस व्याही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "विहीणबाई, बाकी सगळ्या नळ्या मी वाकवल्या. रेडिएटरमागचा तो दुहेरी बाक तर कोणाला जमायचा नाही. एक पोर तिकडे बघत नाही हो."

"मग तुम्हीही एखादी फोडायची होती," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं नाही. तेव्हापासून कोणी पाहुणा आला की व्याही आपणहून दुहेरी बाकाचा विषय काढायचे आणि मिस्त्री मधेच विचारायचे, "कोणाला चहा पाहिजे का?" दोघांनी एकमेकांना सुखानं बसू दिलं नाही.

व्याही पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गेले, जुळी पाऊल टाकायला लागली त्या आठवड्यात. मुंगीचे मित्र त्यानंतरही यायचे, पण ती गोष्ट सुरू झाली की मिस्त्री उठून आत जायचे. मिस्त्री व्याह्यांच्या मागे दोन वर्षांनी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सकाळी गेले.