चिमटीतलं मीठ

मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा, मला आता मोठ्यानं बोलवत नाही. मी पावाचा साचा आहे, साधा पत्र्याचा, एका कोपऱ्यात चेपलेला. बेचाळीस वर्षं भट्टीत जाऊन आलोय. थकलो म्हटलं तर चालेल ना?

पत्र्याच्या कारखान्यात आम्हा शंभर भावांना एकाच दिवशी कापलं, वाकवलं आणि एकात एक घालून गोणीत भरलं. त्यातले चोवीस आमच्या बेकरीवाल्यानं घेतले. तेव्हा तो तरुण होता आणि त्याच्या मनगटावर भाजल्याचा एकही डाग नव्हता. पाव भाजून निघाला की तो मला पालथं करून बुडावर एक थापटी मारायचा. लोक पावाचं कौतुक करायचे, साच्याचं कोण करतं? पण ती थापटी मला शाबासकीसारखी वाटायची.

त्याची एक खोड होती. मीठ तोलून घातलं तरी शेवटी तीन बोटांची एक भरघोस चिमूट वरून टाकायचाच. डोळे भलतीकडे असले तरी हात बरोब्बर बरणीत जायचा. एकदा एक गिऱ्हाईक पाव अळणी आहे असं सांगून गेलं, तर हा भला माणूस दोन दिवस धड जेवला नाही.

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि बेकरी बंद झाली. भाऊ भंगारात गेले. मला मात्र त्यानं पिशवीत घालून घरी आणलं आणि फडताळात ठेवलं. तिथं मी दोन वर्षं पडून होतो. आतून गंज धरला, एका झुरळानं संसार थाटला. फार वाईट दिवस होते ते.

त्याच सुमारास त्याची बायको, आमच्या मालकीणबाई, न्हाणीघरात पडल्या आणि कमरेखालून लुळ्या झाल्या. बेकरीवाल्यानं त्यांची खाट मागच्या खिडकीशी लावली. परसातल्या भिंतीवर पाखरं येत, तेवढंच त्यांचं जग उरलं. एका चिमणीचं नाव त्यांनी भांडकुदळ ठेवलं, दुसरीचं लाजरी. पाखरं यावीत म्हणून बेकरीवाला शिळ्या पावाचा चुरा टाकू लागला.

शेजारचं मांजर तपासायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या की नुसत्या पावानं पोट फुगतं, अंगी काही लागत नाही. त्यांनी कृतीच सांगितली. खाटकाकडची साधी चरबी मंद आचेवर वितळवायची, त्यात सूर्यफुलाच्या बिया, भरडलेले दाणे आणि ओट घालायचे, साच्यात थापून गार करायचं. वडी थंडीच्या दिवसांतच बाहेर ठेवायची, कारण उन्हात चरबी वितळून पिसांना चिकटते. उरलेलं खवट व्हायच्या आत काढायचं, भांडं धुऊन ठेवायचं. आणि मिठाचा कणसुद्धा नको, एवढ्याशा जिवाला ते बाधतं. बेकरीवाल्यानं मान डोलावली. मला घासूनपुसून बाहेर काढलं. गंज निघाला तेव्हा मला रडूच आलं असतं.

पहिल्या वड्या छान झाल्या. भांडकुदळ तर वडीवरच ठाण मांडून बसायची. पण एका सकाळी मिश्रण माझ्यात थापताना बेकरीवाला खिडकीकडे बघत बायकोशी गप्पा मारत होता. आणि त्याचा हात, मित्रांनो, आपसूक बरणीत गेला. चिमूट माझ्यावर पडली. मला कळलं, त्याला नाही. पत्र्याला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाखरं पाण्याच्या ताटलीवरून हलेनात. संध्याकाळी लाजरी भिंतीखाली मरून पडली होती. बोलावल्यावर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काका, मीठ घातलंत का? तो शपथेवर नाही म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. मालकीणबाईंनी मला मागवून घेतलं. माझ्या कोपऱ्यात राहिलेला कण बोटावर घेऊन जिभेला लावला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हे खारट आहे."

त्यानं बरणी उंच फळीवर ठेवली, तर दोन दिवसांनी स्टुलावर चढून तिच्यात हात घालणार एवढ्यात त्याला भान आलं. शेवटी मालकीणबाईंनीच नियम घातला. वडी बाहेर जाण्याआधी त्या चाखणार. रोज सकाळी तो मला त्यांच्यापुढे धरायचा आणि परीक्षेला बसल्यासारखा उभा राहायचा. त्या बोट लावायच्या, मुद्दाम वेळ काढायच्या आणि म्हणायच्या, "अळणी." ज्या शब्दापायी तो एकेकाळी दोन दिवस धड जेवला नव्हता, तोच ऐकून आता त्याचा चेहरा खुलायचा.

तीन थंड्या अशा गेल्या. माझ्या आयुष्यातल्या त्याच सगळ्यात सुखाच्या. या थंडीच्या तोंडाशी मालकीणबाई गेल्या.

बेकरीवाला अजून वडी करतो. पण आयुष्यभर मिठात मुरलेल्या त्याच्या जिभेला आता काहीच खारट लागत नाही. चाखतो, पुन्हा चाखतो, हात घातला होता की नव्हता ते आठवत बसतो. मग सगळं मिश्रण कचऱ्याच्या डब्यात ओततो. आज चौथा दिवस. भांडकुदळ अजून भिंतीवर येते आणि वाट पाहून उडून जाते. आणखी किती दिवस येईल कोण जाणे.

आज सकाळी त्यानं मला रिकाम्या खाटेपुढे धरलं.

"सांग ना गं," तो म्हणाला.

मी अजून तिथंच आहे, त्याच्या हातात. मित्रांनो, पाखरांसाठी वडी करा, जपून करा, बिनमिठाची करा. पण त्याआधी माझं एक काम करा. परसाचं दार नुसतं लोटलेलं आहे. कुणीतरी आत या, बोट लावा आणि त्याला सांगा. मी सांगितलं असतं. आजची वडी अळणी आहे. मीठ पडलं असतं तर ते आधी माझ्यावर पडलं असतं.