बिदा सुहैलच्या टेकड्यांची यादी

अरबी वाळवंटात, लिवा नावाच्या गावाच्या पलीकडे आमचं बिदा सुहैल. अकरा घरं, एक मशीद, उंटांचे वाडे आणि गावापासून तीन किलोमीटरवर, एका टेकडीच्या पायथ्याशी, माझं किराणा दुकान. बाकी सगळी वाळू, आणि तीसुद्धा एका जागी बसत नाही. मी अन्वर, मूळचा दापोलीचा. एकोणीस वर्षं इथे साबण, खुबूसच्या रोट्या आणि उंटांचा चारा विकतोय.

गेल्या गुरुवारी दुबईहून दत्तप्रसाद नावाचे साहेब आले. पुण्याचे, नकाशे करणाऱ्या कंपनीतले. गावातल्या जागांची नावं हमीदबाबांकडून लिहून घ्यायची, खाली त्यांची सही घ्यायची आणि पाचच्या आत ऑफिसला पाठवायची, एवढंच काम. यादीतल्या जागांवरून नवा डांबरी रस्ता जाणार होता. माझी जागा यादीत आली नाही तर रस्ता पलीकडून, गिऱ्हाईक शहरात आणि मी दापोलीला. त्यात अरबी येतं म्हणून साहेबांनी दुभाष्या मलाच केलं. दुभाष्याने आपलंच घोडं पुढे दामटायचं नसतं, एवढं मला कळतं. म्हणून तर जीव टांगणीला लागला होता.

हमीदबाबा गावात सगळ्यात वडील. त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, नऊ वाजता बसलो. खजूर आले, कहवा आला. बाबांनी साहेबांच्या आईवडिलांची तब्येत विचारली, पुण्याचा पाऊस विचारला. कामाचं काही नाही. साहेब फाइल छातीशी धरून नुसते हसत होते. अकराला बोकड कापल्याची बातमी आली.

मी हळूच म्हटलं, "साहेब, बोला की."

"असं कसं अन्वरभाई? 'काय काम काढलंत' असं विचारू तर दे त्यांना. डायरेक्ट विषय काढला तर इम्प्रेशन काय पडेल?"

"ते विचारणार नाहीत. बदू, म्हणजे हा वाळवंटातला माणूस, पाहुण्याला तीन दिवस काम विचारत नाही."

"तीन दिवस? पाचला सबमिशन आहे!"

"मग बोला."

"आता जेवणाच्या तोंडावर? बरं दिसत नाही."

जेवण झालं. मी कोपराने ढोसलं, तर म्हणतात, "ज्याचं मीठ खाल्लं त्याला लगेच कामाला लावायचं?" पुणेकर तोंडावर बोलतात असं मी आयुष्यभर ऐकत आलो. आणि माझ्याच वाट्याला हा भिडस्त पुणेकर यावा!

तीन वाजता बाबांनी पाहुण्यासाठी गादी झटकायला सांगितली. तेव्हा साहेबांचा धीर सुटला. मराठी, हिंदी, इंग्रजी ते सगळं एकदम बोलले. मी अरबीत सांगितलं.

बाबा थक्क झाले. "सकाळीच का नाही सांगितलं? मला वाटलं, काहीतरी करून पळून आलाय, लपायला."

मग त्यांनी एकेक टेकडी सांगायला घेतली. एक आजोबांच्या विहिरीवर येऊन बसलेली, एक दरवर्षी मशिदीकडे सरकणारी. मी सांगत होतो, साहेब लिहीत होते. माझी जागा काही येईना. पाचला दहा कमी असताना बाबा म्हणाले, "खलास," आणि सहीसाठी पेन उचललं.

मला फार वाईट वाटलं. या गावाच्या प्रत्येक लग्नाची साखर माझ्या दुकानातून गेली होती. तेवढ्यात साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "आणि ही दुकानाची टेकडी?"

मी ते अरबीत विचारलं.

"ती मी कशी सांगू?" बाबा म्हणाले. "तिथे कोणीच राहत नव्हतं. जो पहिला राहिला, नाव त्याने ठेवायचं. तूच सांग."

"अन्वरभाई, यल्ला, पाच मिनिटं!" साहेब ओरडले.

दिवसभर हेच हवं होतं, आणि आता डोक्यात एकच नाव येत होतं. ते विचारल्याशिवाय कसं द्यायचं? मी दापोलीला बायकोला फोन लावला.

"शहनाझ, इथल्या टेकडीला तुझं नाव देतोय. नकाशात छापून येणार."

"टेकडी केवढी आहे?"

"लहानच आहे."

"मग द्या," ती म्हणाली. "आणि रस्ता झाला की आता तरी मला तिकडे न्या."